बंद कारखान्यातले बिनलेबलचे ड्रम : नमुना काढायचा कसा आणि कोणी?

वशिष्ठीकाठ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. मी एका छोट्या केमिकल युनिटमध्ये ईएचएस (पर्यावरण, आरोग्य, सुरक्षा) बघतो. आमच्या मालकांनी शेजारचा बंद पडलेला इंटरमिजिएटचा (औषधांच्या आधीच्या टप्प्यातल्या रसायनांचा) प्लांट घेतलाय. ताबा मिळाल्यावर मागच्या शेडमध्ये साठेक ड्रम निघाले. काही लोखंडी, बुचवाले. काही निळे प्लास्टिकचे, रिंगवाले. चार-पाच कार्बोय (मोठ्या बाटल्या). निम्म्यांची लेबलं पावसाने गेलीत, काहींवर खडूने नुसतं 'एमएल' लिहिलंय. मदर लिकर (माल गाळून घेतल्यावर उरलेलं द्रव) हे समजलं, पण कशाचं?

माल तळोज्याच्या घातक कचरा केंद्राला पाठवायचा तर आधी नमुना द्यावा लागतो. त्यावरून ते ठरवणार, जाळायचं की प्रक्रिया करून लँडफिलला टाकायचं. आमचा कन्सल्टंट म्हणतो, "दोन हेल्पर लावा, प्रत्येक ड्रममधून एक बाटली काढा, संध्याकाळपर्यंत मोकळे व्हाल." मी अडवून धरलंय. कुठले ड्रम उघडायचेच नाहीत हे ठरल्याशिवाय एकाही बुचाला पाना लागू नये, आणि हे काम हेल्परच्या गळ्यात मारू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. मालक ऐकून घेतात, पण विचारतात, "बरं, मग करायचं कसं ते सांग." ज्यांनी हे काम हाताने केलंय त्यांनी सविस्तर लिहावं ही विनंती.

ईटीपीवाला

अडवलंत ते उत्तम केलंत. आता तसंच धरून ठेवा. बाकी मोठी माणसं लिहितीलच.

पाताळगंगा

बरीच वर्षं हेच काम करतोय, म्हणून जरा लांब लिहितो.

पहिला टप्पा नुसता बघण्याचा. शेडमध्ये शिरायच्या आधी दाराशी गॅसचा मीटर धरा, मग आत. ड्रमला हात लावायचा नाही, हलवायचा नाही, आणि किती भरलाय ते बघायला टकटक तर मुळीच करायची नाही. प्रत्येकाचा फोटो काढा आणि हे टिपा : डोकं किंवा बूड फुगलंय का, अंग आत चेपलंय का, शिवणीतून ओल आहे का, गंज कुठून खातोय, बुचाभोवती पांढरे-पिवळे खडे किंवा पूड जमलीय का.

त्यावरून तीन ढीग कागदावर पाडा. जागेवर नाही, कागदावर.

फुगलेला ड्रम म्हणजे आत दाब आहे. उन्हाने फुगला असेल तर पहाटे थोडा बसतो. पहाटेही तसाच असेल तर आत काहीतरी चालू आहे असं समजा. नायट्रिक अॅसिडच्या वेस्टमध्ये कुणी मिथेनॉल किंवा दुसरं सेंद्रिय ओतलेलं असेल तर असाच गॅस धरतो. असे ड्रम तुम्ही उघडायचे नाहीत. दोरी बांधा, माणसं लांब ठेवा, दुरून उघडायची साधनं असलेल्यांना बोलवा.

बुचाभोवती खडे दिसले तर त्याहून वाईट. इंटरमिजिएटच्या प्लांटमध्ये टीएचएफ, डायआयसोप्रोपिल ईथर (डीआयपीई) अशी ईथरं वापरात असतातच. जुन्या ईथरमध्ये पेरॉक्साइड धरतं, ते झाकणाच्या आट्यांत बसतं, आणि नुसतं झाकण फिरवल्याच्या घर्षणाने उडू शकतं. तिथे पाना लावणारा माणूस वाचेलच असं नाही.

राहिलेले धड ड्रम. नमुना फक्त त्यांचा.

केमकट्टा

विषय चांगला आहे, पण इतकंही घाबरायचं कारण नाही असं वाटतं. साठ ड्रम आहेत ना? वर्गमूळ अधिक एक म्हणजे आठ-नऊ ड्रमचा नमुना घ्या, एकत्र करून एकच कंपोझिट द्या. रॉ मटेरियलला आपण वर्षानुवर्षं हेच करतो. छोट्या युनिटला साठ तपासण्यांचा खर्च कसा झेपणार?

शलाका_क्यूए

केमकट्टा, तो हिशोब एकाच बॅचच्या, एकाच पुरवठादाराच्या, सीलबंद मालाला. तिथे सगळे ड्रम सारखे असणार असं धरून आपण फक्त खात्री करतो. इथे दोन ड्रम सारखे आहेत असं म्हणायला आधारच काय? नववा ड्रम टोल्युइनचा निघाला म्हणून दहावाही त्याचाच, हे कोण सांगणार?

आणि तपासणीआधी कंपोझिट करणं तर धोक्याचंच. सायनाइडच्या मदर लिकरची बाटली आणि स्पेंट (वापरून झालेल्या) अॅसिडची बाटली एका भांड्यात रिकामी केली तर तुमच्या तोंडासमोर हायड्रोजन सायनाइड तयार होतो.

पाताळगंगा

शलाकाताईंशी शंभर टक्के सहमत. जानेवारी २०२२ मध्ये सुरतच्या सचिन जीआयडीसीत टँकरमधलं रसायन नाल्यात सोडताना विषारी वायू झाला आणि शेजारच्या गिरणीतले सहा कामगार गेले. त्यांचा त्या रसायनाशी काडीचाही संबंध नव्हता. न जुळणाऱ्या दोन गोष्टी एकत्र येणं इतकं साधं असतं.

खर्चाचा मुद्दा मात्र खरा आहे. त्याला वाट आहे. प्रत्येक ड्रमचा थोडासा नमुना घेऊन आधी झटपट चाचण्या करायच्या : पीएच, पाण्याशी खवळतो का, पेटतो का, सायनाइड-सल्फाइड आहे का, ऑक्सिडायझर आहे का, पेरॉक्साइडची पट्टी. फ्यूम हूडमध्ये, मिलिलिटरच्या हिशोबाने. जे सारखे वागतात त्यांचा गट करा, गटातल्यांचे थेंब-थेंब एकमेकांत घालून काही होत नाही ना ते बघा, आणि मग त्या गटाचा कंपोझिट मोठ्या तपासणीला. साठाच्या सहा-सात तपासण्या होतील.

केमकट्टा

हे पटलं. माझा मुद्दा खर्चापुरता होता, तो सुटला. वर्गमूळाची सूचना मागे घेतो.

माणदेशी

विषय माझा नाही, तरी वाचतेय. एक विचारू? आमच्याकडे टंचाईत टँकर आला की लोक निळ्या ड्रमांतच पाणी भरून ठेवतात. बाजारात भंगारवाल्याकडे ते धुऊन विकायला असतात. ते याच कारखान्यांतले का?

ईटीपीवाला

माणदेशी, बरेचदा हो, आणि म्हणूनच घेऊ नका. २०१६ च्या घातक कचरा नियमांत, पहिल्या अनुसूचीत, रसायन लागलेले रिकामे ड्रम स्वतंत्रपणे घातक कचरा म्हणून धरलेत. ते निर्धोक केल्याशिवाय भंगारात जायला नको. प्लास्टिक काही रसायनं शोषून धरतं, ती साबणाने निघत नाहीत, पुढे पाण्यात उतरत राहतात. नवा ड्रम घ्या किंवा फूड ग्रेड लिहिलेला, बिलासकट. गावात चारजणींना सांगा.

माणदेशी

सांगते. बचत गटाच्या बैठकीतच सांगते.

मीटरमास्तर

मूळ विषयाकडे. 'मीटर धरा' असं वर आलंय, पण कोणता आणि त्यावर किती भरवसा ठेवायचा हे लिहायला हवं.

चार गॅसचा मीटर लागतोच : ऑक्सिजन, एलईएल (पेट घ्यायला लागणाऱ्या किमान वाफेच्या किती टक्के वाफ हवेत आहे ते), एचटूएस (हायड्रोजन सल्फाइड), सीओ (कार्बन मोनॉक्साइड). ऑक्सिजन १९.५ टक्क्यांखाली गेला तर फिल्टरचा मास्क निरुपयोगी, हवेचा सिलिंडर पाठीवर हवा. एलईएल १० टक्क्यांवर गेला की काम थांबवून मागे यायचं, नंतर कारण शोधायचं. एलईएलच्या सेन्सरला जळायला ऑक्सिजन लागतो, म्हणून नायट्रोजन मारलेल्या ड्रमच्या तोंडाशी तो खोटा कमी आकडा दाखवतो. सिलिकॉनची वाफ लागली तर सेन्सर मरतो आणि शून्य दाखवत बसतो. रोज सकाळी टेस्ट गॅस देऊन बघितल्याशिवाय त्याला हातात घेऊ नका.

दुसरा पीआयडी, म्हणजे दिव्याच्या प्रकाशाने सॉल्व्हंटची वाफ ओळखणारा मीटर. इथे लोक हमखास फसतात. नेहमीचा दिवा १०.६ इलेक्ट्रॉन व्होल्टचा, त्याहून जास्त ऊर्जा लागणारी वाफ त्याला दिसत नाही. त्याला मिथेनॉल दिसत नाही, डीसीएम (डायक्लोरोमिथेन) दिसत नाही, क्लोरोफॉर्म दिसत नाही, अॅसिटोनायट्राइल दिसत नाही. म्हणजे आपल्या औषधी कारखान्यांच्या स्पेंट सॉल्व्हंटमधली निम्मी मंडळी. पीआयडीवर शून्य आलं म्हणून कुणी मास्क काढला तर त्याला तिथल्या तिथे बाहेर काढा.

आणि नाकावर विसंबू नका. एचटूएस शंभर पीपीएमच्या आसपास गेला की वास येणंच बंद होतं, आणि तेवढ्यातच जीवाला धोका सुरू होतो.

कोयनाकाठचा

आमच्या नव्या केमिस्टने झोकात दाढी राखलीय. त्याला मास्क दिला तर म्हणतो, घट्ट बसतो. खरंच बसतो का?

मीटरमास्तर

नाही बसत. दाढीच्या केसांतून वाफ सरळ आत जाते. नमुन्याच्या कामाला दाढी गुळगुळीत केलेली हवी, नाहीतर दुसरा माणूस हवा.

कोयनाकाठचा

पोराचं दिवाळीनंतर लग्न आहे. आता काढ, तोवर पुन्हा वाढेल, असं सांगून बघतो :)

शलाका_क्यूए

नवरीकडचे तुमचे आभारच मानतील.

जर्सीकर

मी न्यू जर्सीत जुन्या साइट साफ करण्याच्या कामात आहे. आमच्या राज्याने हे फार महागात शिकलंय. २१ एप्रिल १९८० ला एलिझाबेथ शहरात केमिकल कंट्रोल नावाच्या कंपनीच्या आवारात रचलेल्या हजारो ड्रमना आग लागली. आत काय आहे ते विझवणाऱ्यांना धड माहीत नव्हतं. त्याच वर्षाच्या शेवटी सुपरफंडचा, म्हणजे अशा विषारी जागा साफ करायचा कायदा झाला.

इथल्या ओशाच्या (कामगार सुरक्षा खात्याच्या) १९१०.१२० नियमात एक वाक्य आहे, त्याचा आशय असा : लेबल नसलेला ड्रम, आतलं नक्की कळून लेबल लागेपर्यंत, घातकच समजायचा. वशिष्ठीकाठ, हे तुमच्या मालकांना दाखवा. असल्या जागेवर काम करणाऱ्याला ४० तासांचं प्रशिक्षण आणि वर तीन दिवस जाणत्या माणसाच्या हाताखाली काम सक्तीचं आहे. कंत्राटी हेल्परला बाटली देऊन पाठवायचा प्रश्नच येत नाही.

फुगलेल्या ड्रमला आम्ही आडोशामागून चालणारं हवेच्या दाबाचं बुच-काढणं वापरतो, किंवा बॅकहोला कांस्याचा सुळा लावून दुरून भोक पाडतो. माणूस जवळ नसतोच.

उरणकर

कागदपत्रांवर किती विसंबायचं यावरून आठवलं. आमच्या न्हावाशेवा बंदरात वंगण तेल म्हणून आलेले कंटेनर पडून होते. तपासणीत ते टाकाऊ तेल निघालं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि जानेवारी २००५ मध्ये १३३ कंटेनरमधलं तेल जाळून नष्ट करायचा आदेश झाला. कागदावर काय होतं आणि आत काय निघालं ते बघा. नमुना नीट निघाला म्हणूनच ते कळलं.

वशिष्ठीकाठ (धागाकर्ता)

सगळ्यांचे मनापासून आभार. वरचे प्रतिसाद छापून मालकांसमोर ठेवलेत. पाताळगंगा, तुमच्या तिसऱ्या ढिगाचं जरा पुढे सांगाल का? धड दिसणारा ड्रम, समोर उभा आहे. आता नेमकं काय करायचं?

पाताळगंगा

सांगतो. हा भाग घाईत कुणी लिहीत नाही आणि माणसं इथेच भाजतात.

काम सकाळी लवकर, उन्हं चढायच्या आत. दोघं ड्रमपाशी, तिसरा लांबून नुसता बघणारा. तिसऱ्याला दुसरं काम द्यायचं नाही. वारा पाठीवर किंवा बाजूने. शॉवर आणि डोळे धुवायचं चालू आहे ना ते स्वतः पाणी सोडून बघा, बंद शेडमध्ये ते बहुधा कोरडंच असतं. मोबाइल बाहेर.

लोखंडी ड्रमला आधी अर्थिंग. क्लिप रंगावर लावून उपयोग नाही, तिचे दात रंग फोडून पत्र्याला टेकले पाहिजेत. पाना कांस्याचा, ठिणगी न पडणारा. दोन बुचं असतात, मोठं दोन इंची आणि छोटं पाऊण इंची. सुरुवात छोट्याने. तोंड ड्रमवर न आणता, हात लांब ठेवून, पाव आटा सैल करा आणि थांबा. फुस्स आवाज आला तर हात काढून मागे या, आवाज पूर्ण थांबेपर्यंत पुढे काही करायचं नाही. मग तोंडाशी मीटर. मग मोठं बुच, तसंच सावकाश.

नमुन्याला काचेची सरळ नळी, साधारण सव्वा मीटर लांब, दोन्ही टोकं उघडी. ड्रम नव्वद सेंटिमीटरच्या आसपास उंच असतो, म्हणून नळी वर हाताला पुरते. ती बुडापर्यंत अगदी हळू सोडायची, इतकी हळू की नळीच्या आतली आणि बाहेरची पातळी बरोबर चढत राहिली पाहिजे. भसकन घातली तर खालचा थर जास्त शिरतो आणि नमुना खोटा होतो. बुडाला टेकली की वरचं तोंड रबरी बुचाने बंद करून नळी सरळ वर. आता उजेडात धरून बघा. पाणी आणि खाली डीसीएम असेल तर रेष स्वच्छ दिसते. डीसीएमची घनता १.३३, ते तळाला जातं. वरूनच कपात काढलात तर रिपोर्ट पाण्याचा येईल आणि भट्टीत क्लोरीन जाईल. थर किती बोटं आहे ते लगेच वहीत लिहा. तळात गाळ लागला तर तेही.

काच चालत नाही ती हायड्रोफ्लोरिक अॅसिडला. नुसता संशय असला तरी टेफ्लॉनची नळी. घट्ट गाळाला नळी नाही, हाताचा ऑगर (गिरमिट).

नमुना टेफ्लॉन अस्तराच्या झाकणाच्या तपकिरी काचेच्या बाटलीत, वर थोडी जागा सोडून. बाटली पुसा, नंबर लावा, बुच परत घट्ट करा, मग पुढचा ड्रम. प्रत्येक ड्रमला नवी नळी. धुऊन वापरू नका.

केमकट्टा

वापरलेल्या नळ्यांचं काय करता?

जर्सीकर

आमच्याकडे साइटच्या आराखड्यात मंजूर असेल तर नळी त्याच ड्रममध्ये मोडून टाकतात. नसेल तर वेगळ्या ड्रममध्ये, त्यालाही घातक कचऱ्याचं लेबल.

पाताळगंगा

इथे आधी कचरा घेणाऱ्या केंद्राला विचारा. भट्टीला फीड करणाऱ्याला आत काचेचे तुकडे आहेत हे माहीत नसेल तर त्याचा हात कापेल. मी वेगळ्याच ड्रममध्ये टाकतो.

मीटरमास्तर

हातमोज्यांचं राहिलं. साधे नायट्राइलचे मोजे घालून डीसीएम हाताळला तर काही मिनिटांत आरपार येतो, आणि कातडीला कळेपर्यंत उशीर होतो. अनोळखी ड्रमला थरांच्या फिल्मचे लॅमिनेट मोजे आत, वरून पकडीसाठी नायट्राइल. मास्कचा तपकिरी पट्ट्याचा ए फिल्टरही डीसीएमला पुरत नाही, तो ६५ अंशांच्या वर उकळणाऱ्या सॉल्व्हंटसाठी. त्याखाली उकळणाऱ्यांना एएक्स फिल्टर. काहीच माहीत नसेल तर फिल्टरवर जुगार नको, सिलिंडरच.

कोयनाकाठचा

आणि नमुना लॅबला कसा जातो ते कुणी लिहिलंच नाही. मी स्वतः बघितलंय, पोरगा बाटल्या प्लास्टिकच्या पिशवीत घालून एसटीत बसला होता. शेजारी एक बाई, मांडीवर बाळ. एक बाटली गळत होती. मी त्याला पुढच्या थांब्यावर उतरवून कंपनीत फोन लावला. पोराला त्यात काय आहे हे कुणी सांगितलंच नव्हतं. त्याच्यावर राग कसा काढायचा?

शलाका_क्यूए

हे वाचून अंगावर काटा आला. त्या पोराला पाठवणाऱ्यावर राग आहे माझा.

प्रत्येक बाटली झिपच्या पिशवीत, भोवती शोषून घेणारी वर्मिक्युलाइट, मग कडक डब्यात, सोबत ताबा कुणाकडून कुणाकडे गेला त्याचा कागद आणि आत काय असू शकतं त्याची चिठ्ठी. न जुळणाऱ्या बाटल्या वेगवेगळ्या डब्यांत. गाडी कंपनीची, माणूस सांगून-समजावून पाठवलेला. त्याहून बरं म्हणजे लॅबचाच माणूस येऊन घेऊन जाईल असं बघा.

ईटीपीवाला

धागाकर्ते, एक कामाचं. ताबा घेतल्याबरोबर हा जुना साठा सापडल्याचं प्रदूषण नियंत्रण मंडळाला लेखी कळवा, फोटोंसकट. नियमाने कचरा ९० दिवसांच्या वर ठेवता येत नाही आणि हा तर त्याच्या कितीतरी आधीचा. उद्या पाहणीत सापडला तर तो तुमचाच धरला जाईल. नमुना आणि वर्गीकरणाला वेळ लागणार हे त्याच पत्रात मांडून मुदत मागा. कन्सल्टंटची संध्याकाळपर्यंतची घाई बहुधा याच भीतीने असेल. पत्र गेलं की घाईचं कारणच उरत नाही.

वशिष्ठीकाठ (धागाकर्ता)

ईटीपीवाला, अगदी बरोबर ओळखलंत, घाई त्याचीच होती. पत्र आज गेलं.

बाकीची प्रगती : मालकांनी हेल्पर लावायचं पूर्ण थांबवलंय. जुन्या प्लांटचे निवृत्त शिफ्ट इनचार्ज गावातच राहतात, त्यांना आणून दारातूनच शेड दाखवली. त्यांना तीन उत्पादनं आठवतात, त्यांतल्या एकात सोडियम सायनाइड होतं आणि एकात डीआयपीई. ऑफिसच्या माळ्यावर बॅच रेकॉर्डची दोन खोकी निघाली, ती आता वाचतोय. बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या तीन ड्रमच्या बुचांवर पांढरा थर आहे. तिकडे दोरी बांधलीय आणि शेडला कुलूप घातलंय. त्या तिघांसाठी आणि दोन फुगलेल्यांसाठी बाहेरून टीम येणार, बाकीच्यांचं काम आम्ही त्यांच्यासमोरच करू. आमच्या दोन केमिस्टचं प्रशिक्षण आधी, हेही ठरलं.

एक शंका. नंबर टाकताना ड्रमच्या झाकणावर टाकायचे की अंगावर? आणि दोरीच्या आतल्या त्या पाचांना कसे टाकायचे?

पाताळगंगा

अंगावर, जमिनीपासून दोन-तृतीयांश उंचीवर, दोन बाजूंना. रिंगवाल्या ड्रमची झाकणं उघडल्यावर अदलाबदल होतात, मग झाकणावरचा नंबर भलत्याच ड्रमचा होऊन बसतो. नंबर रंगाच्या मार्करने, हलक्या हाताने, ड्रम न हलवता. त्या पाचांना हात लावायचा नाही. दोरीबाहेरून काढलेल्या फोटोवर नंबर लिहा आणि तो फोटो शेडच्या दाराला लावा.